चौकोन तुमचे, बाण कुणाचे?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका स्लाइडशी आहे.

ती तुम्ही पाहिलेली आहे. कंपनीच्या सीएसआर कमिटीत असाल, शनिवार-रविवार एखाद्या संस्थेला हातभार लावत असाल, किंवा नुसतेच दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कुठेतरी पाठवत असाल, तरी ती तुमच्या नजरेखालून गेलेली आहेच. डावीकडून उजवीकडे पाच चौकोन. इनपुट, ॲक्टिव्हिटी, आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट. पहिला चौकोन फिका निळा, शेवटचा गडद निळा (परिवर्तन जसजसं घडतं तसतसा रंग चढतो, अशी कल्पना असावी). पहिल्यात लिहिलेलं 'चाळीस टॅब्लेट', शेवटच्यात 'सक्षम पिढी'. वर ठळक अक्षरात शीर्षक, थिअरी ऑफ चेंज.

आणि चौकोनांच्या मध्ये चार बाण. करड्या रंगाचे, बारके, पॉवरपॉइंटने फुकट दिलेले.

माझं भांडण त्या चार बाणांवरून आहे. कुठल्याही सामाजिक कार्यक्रमाची खरी गोष्ट त्या बाणांमध्ये असते, आणि आपण पैसे देतो ते चौकोन बघून. बाणावर कुणी काही लिहीत नाही, म्हणून कुणी वाचत नाही, आणि म्हणून तो तुटला तर ऑफिसात बसलेल्या कुणाला कळतही नाही. ज्यांच्या गावात तो तुटतो त्यांना मात्र व्यवस्थित कळतं.

गेली काही वर्षं मी ऑफिसच्या कमिटीत स्वयंसेवक म्हणून असे प्रस्ताव वाचतो. प्रस्ताव लिहिणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकजण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट करणारी असतात. पण 'टॅब्लेट दिले की मुलं शिकतील' या वाक्यातला 'की' नेमका काय करतो, असं विचारलं की समोरून उत्तर येतं, "सर, मुलांना आवड निर्माण होईल ना." बरं, आवड निर्माण झाली. पुढे? टॅब्लेट चार्ज कुठे होणार? एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी मला अगदी शांतपणे विचारलं होतं, "सर, सगळं छान आहे हो, पण लाइट बिल कोण भरणार?" पन्नास पानांच्या त्या प्रस्तावात लाइट बिल हा शब्द नव्हता. तो असायला हवा होता दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मधल्या बाणावर.

गंमत अशी की हे प्रकरण सुरू झालं ते याच दुखण्यावर उपाय म्हणून. कॅरल वाइस नावाच्या अमेरिकन विदुषी होत्या, सामाजिक कार्यक्रमांचं मूल्यमापन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९९५ साली ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या एका पुस्तकात त्यांनी मांडलं की वस्त्यांमधल्या मोठ्या कार्यक्रमांचं मूल्यमापन अवघड जातं, कारण बदल कसा घडणार याबद्दलची कार्यक्रम करणाऱ्यांची गृहीतकं कधी उघडपणे मांडलेलीच नसतात. म्हणजे बाईंचं म्हणणं होतं, बाण लिहा. आपण काय केलं? त्या म्हणण्याचा फॉर्म केला, फॉर्मचं टेम्प्लेट केलं, आणि टेम्प्लेटमध्ये चौकोनाला लिहायला जागा ठेवली, बाणाला नाही ठेवली.

आता उदाहरणं. सुरुवात आपल्याच जातकुळीपासून करू, म्हणजे कॉम्प्युटरपासून.

२००५ साली एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'. आपल्या सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच ती नाकारली, पण २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या छोट्याशा शाळेत तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला. सर्वात मोठा डाव मात्र लॅटिन अमेरिकेतल्या पेरू देशाने लावला. तिथल्या सरकारने लाखांनी लॅपटॉप वाटले. मग ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा रीतसर अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळा विरुद्ध बाकीच्या शाळा. निष्कर्ष २०१२ मध्ये आला. लॅपटॉप पोचले होते, मुलं वापरतही होती. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक नाही. (सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, तोही नमूद करायला हवा.) म्हणजे पहिले दोन चौकोन शंभर टक्के भरले, आणि पुढचा बाण हवेत.

"म्हणजे तुझं म्हणणं टेक्नॉलॉजी उपयोगाची नाही?" थांबा, थांबा. आता बडोद्याला या.

गुजरात सरकारने २००० साली बडोद्याच्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली तर प्राथमिकच्या मुलांपर्यंत त्यातले फारच थोडे पोचलेले. मग 'प्रथम'ने त्याच प्रकारचे कॉम्प्युटर घेऊन एक साधी गोष्ट केली. चौथीची मुलं, एका कॉम्प्युटरवर दोघं, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ. मुलाला जमेल तसतशी पुढची गणितं अवघड होत जाणार. सोबत मार्गदर्शन करायला एक प्रशिक्षित माणूस. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात मुलांची भरपूर प्रगती झाली होती. वर्षभराने त्यातली बरीच ओसरलीही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

यंत्र तेच, देश तोच, आणि शाळाही त्याच. फरक कुठे पडला? 'कॉम्प्युटर दिला' आणि 'मूल शिकलं' यांच्या मधल्या बाणावर कुणीतरी बसून लिहिलं, की कुठलं मूल, काय शिकणार, किती वेळ, कोण शेजारी बसणार, आणि वर्गात मागे पडलेल्या पोराला त्याच्या पातळीचं गणित कसं मिळणार. सरकारने दिलेले कॉम्प्युटर वाईट नव्हते. त्यांच्यापासून निघणारा बाण कोरा होता, एवढंच.

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणाऱ्या बाणाकडे येतो. त्याचं नाव 'जनजागृती'.

दहातल्या आठ प्रस्तावांत जनजागृती असते. लोकांना माहिती दिली की लोक जागे होतात, जागे झाले की हक्क मागतात, हक्क मागितले की यंत्रणा सुधारते. ऐकायला किती छान! आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांना तर फारच छान, कारण यात गृहीत हे धरलेलं असतं की गावाकडे माहितीची टंचाई आहे आणि आपल्याकडे ती भरपूर आहे. आपण फक्त ओतायची.

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात हा बाण नीट तपासून पाहिला गेला. गावोगावी सरकारी ग्राम शिक्षण समित्या होत्या, पालक त्यात होते, कागदावर अधिकार होते. पाहणी केली तर समितीच्या काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं! पुन्हा 'प्रथम' आणि तेच अभ्यासक. २००५-०६ चं काम, अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत सभा घेऊन लोकांना समितीची, शाळेची, हक्कांची माहिती दिली. काही गावांत त्याशिवाय आपल्याच मुलांना वाचता येतं का हे तपासायला गावकऱ्यांना शिकवलं, गावाचं प्रगतिपुस्तकच करून दिलं. तिसऱ्या प्रकारच्या गावांत हे सगळं करून वर गावातल्याच तरुण पोरापोरींना मुलांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत शिकवली आणि शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला सांगितलं.

पहिल्या दोन प्रकारांत काय झालं? काही नाही. पालक समितीकडे गेले नाहीत, समिती शाळेकडे गेली नाही, शाळा होती तशीच राहिली. तिसऱ्या प्रकारात स्वयंसेवक पुढे आले, वर्ग चालले, आणि वर्गाला आलेली मुलं खरोखर वाचायला लागली. वर्गाला येणारी मुलं थोडी होती, हेही खरं.

यावर 'लोकांना आपल्या मुलांची पर्वा नाही' असं म्हणणारा महाभाग भेटला की मला त्याची कॉलर धरावीशी वाटते. पर्वा होती म्हणून तर पोरं वाचनवर्गाला आली. लोकांनी जे केलं नाही ते हे, की रोजंदारी बुडवून सरकारी मास्तरशी वैर घ्यायचं, आणि त्यातून काही निष्पन्न होईल याची खात्री शून्य. तुम्ही घेतलं असतं? आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आपण जात नाही, तिथे तर चहा-सामोसेही असतात. मग जौनपूरच्या मजुराने शिक्षण खात्याशी झुंज द्यावी ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? 'माहिती' आणि 'कृती' यांच्या मधल्या बाणावर एका माणसाची जोखीम लिहिलेली असते. ती आपण वाचत नाही, कारण ती आपल्या खिशातून जात नाही.

तिसरं उदाहरण घरचं आहे. पाणी.

डिसेंबर २०१४ मध्ये राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची. नाले खोल करा, बंधारे बांधा, गाळ काढा, पाणी अडेल, मुरेल, विहिरींना येईल, टंचाई संपेल. चौकोन कसे टपाटप पडतात बघा. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला. ९,६३४ कोटींच्या आसपास खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावाच्या पाण्याची गरज भागवण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही, असा ठपका. त्यावरून राजकारण व्हायचं तेवढं झालं, ते सोडून द्या. मला बाणाशी मतलब आहे.

पाणी मुरलं असं धरून चाला. विहिरीत आलं. मग पुढे? मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो आणखी खोल बोअर मारतो, ऊस लावतो, आणि मार्चमध्ये शेजाऱ्याची विहीर कोरडी. 'पाणी अडलं' पासून 'टंचाई संपली' पर्यंतच्या बाणावर लिहिलेलं असतं की पाणी कुणाचं आणि किती उपसायचं हे कोण ठरवणार. तो जेसीबीचा प्रश्न नाही. तो गावातल्या ताकदवान माणसाला 'नाही' म्हणण्याचा प्रश्न आहे, आणि तसला आकडा कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही.

हे काही कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या एका इंजिनियरने (हो, इंजिनियरच! उद्योजक माणूस) पुरंदर तालुक्यात नायगावला काम सुरू केलं, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम काय? पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. तिथले बांधबंदिस्तीचे फोटो आपण फॉरवर्ड करतो, पण पोपटराव पवारांच्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीसारख्या पाणीखाऊ पिकांना बंदी केली, आणि पावसाचा हिशेब मांडून ग्रामसभेत पिकं ठरवायला सुरुवात केली, हा भाग फोटोत येत नाही. बंधारे चौकोनात बसतात. ग्रामसभेत झालेली भांडणं बाणावरची आहेत. हिवरे बाजारची नक्कल करणाऱ्यांनी चौकोन उचलले आणि बाण तिथेच सोडून आले.

'तू नुसती मोडतोड दाखवतोयस, जमलेलं काही दाखव' असं कुणी म्हणेल. दाखवतो. गडचिरोली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. यांच्या कामाबद्दल आपल्याकडे भक्तिभावाने खूप बोललं जातं. मला भक्तीत रस नाही, पद्धतीत आहे. त्यांचं रुग्णालय घ्या. आदिवासींना मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते हे लोकांनीच सांगितलं, म्हणून शोधग्रामचं रुग्णालय गोंडांच्या वस्तीसारखं, झोपड्यांचं बांधलं आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. 'दवाखाना बांधला' आणि 'पेशंट आला' या दोन चौकोनांमधला बाण त्यांनी लोकांना विचारून भरला.

आणि नवजात बाळांचं काम. बाळं महिन्याच्या आत दगावत होती, हजारी ६२ च्या आसपास. तेव्हाचं सर्वमान्य उत्तर होतं, आजारी बाळ दवाखान्यात न्या. हा बाण गडचिरोलीत कुठे कुठे तुटतो ते बघा. बाळ आजारी आहे हे ओळखणार कोण? ओळखलं तरी बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडणार का? पडले तर रस्ता? पोचले तर डॉक्टर? चार ठिकाणी तुटलेला बाण. बंगांनी तो बाणच खोडला. बाळ दवाखान्यात जात नसेल तर उपचार घरी गेला पाहिजे. पण कोण नेणार? गावातलीच थोडंफार शिकलेली बाई, आरोग्यदूत. तिला जमेल का? शिकवून पाहिलं. पहिलं वर्ष, १९९५-९६, मुख्यतः निरीक्षणाचं. घरोघरी ७६३ बाळं पाहून कुठले आजार किती होतात त्याची नोंद केली. मग टप्प्याटप्प्याने उपचार वाढवले, शेवटी जंतुसंसर्गासाठी इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत कार्यक्रम, शेजारच्या ४७ गावांत नाही, आणि दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायचा.

आणि आता बाण बघा. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत ही घरची सेवा पोचली होती. म्हणजे 'आया अनोळखी उपचार स्वीकारतील का' हे गृहीतक नुसतं मनात न ठेवता मोजलं. मृत्युदर हजारी साडेपंचवीसच्या आसपास आला, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने घट ६२ टक्के. दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. हे 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा ताई नवजात बाळाच्या घरी ज्या भेटी देतात त्याचं मूळ इथे आहे.

मला यात सर्वात मोठी वाटते ती पहिल्या वर्षाची गोष्ट. पहिलं वर्ष बहुतेक निरीक्षणात गेलं! तुमच्या-माझ्या कंपनीच्या सीएसआर कमिटीने एक वर्ष निरीक्षणाला पैसे दिले असते का? छातीवर हात ठेवून सांगा. ३१ मार्चला काय दाखवलं असतं? 'बाळं पाहिली'?

आता आक्षेप. तिन्ही मी इतक्यांदा ऐकलेत की पाठ झालेत.

पहिला, "अरे, काहीतरी करतायत ना बिचारे! तू काय करतोयस?" हा आक्षेप भावनेला धरून आहे, पण त्यात एक हिशेब लपवलेला असतो. फसलेल्या कार्यक्रमाची किंमत शून्य असते असा तो हिशेब. तसं नसतं. मास्तरांचे तास जातात. अंगणवाडी ताईंना आणखी एक रजिस्टर भरावं लागतं. ज्या पोरावर प्रयोग फसतो त्याचं तिसरीचं वर्ष परत येत नाही. आणि सगळ्यात महाग म्हणजे गावाचा विश्वास. पुढच्या वर्षी कुणी खरोखर चांगलं काम घेऊन गेला की पारावरून आवाज येतो, "गेल्या साली बी आले होते एक, फोटो काढून गेले." ती किंमत पहिल्या संस्थेच्या अहवालात कुठेही लागत नाही, नंतर येणारा भरतो.

दुसरा आक्षेप, "समाज म्हणजे सॉफ्टवेअर नाही. माणसांचं सगळं आधी लिहून काढता येत नाही." शंभर टक्के मान्य! आणि सॉफ्टवेअरही आधी सगळं लिहून काढता येत नाही, हे आपल्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत? म्हणूनच तर अंदाज लिहायचा. लिहिलेला अंदाज चुकला तर चुकला हे कळतं. न लिहिलेला अंदाज कधीच चुकत नाही, तो नुसता 'लोकांचा सहभाग कमी पडला' या वाक्यात विरघळून जातो. वार्षिक अहवालातलं हे वाक्य दिसलं की समजायचं, बाण तुटला होता आणि खापर गावावर फोडलं. उलट बाणावर आधी लिहिलं असतं की 'बायका दुपारी दोन वाजता मीटिंगला येतील असं आम्ही धरून चाललो आहोत', तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं की दुपारी दोन वाजता बायका खुरपणीला असतात, आणि मीटिंग रात्री आठला नेली असती.

तिसरा आक्षेप, "छोट्या संस्थांना हे परवडत नाही. फंडर आकडे मागतात, आम्ही आकडे देतो." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आपल्या अंगावर येतो, कारण फंडर म्हणजे आपणच की! २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं आलं. तेव्हापासून आपल्या क्षेत्राचे केवढे तरी पैसे खेड्यापाड्यांत जातात. २०२१ पासून मोठ्या रकमांच्या प्रकल्पांना परिणाम तपासणंही सक्तीचं झालं, पण ते प्रकल्प संपल्यावर. म्हणजे शवविच्छेदन. पेशंट जिवंत असताना नाडी कुणी पाहायची? आपण तिमाहीला विचारतो किती टॅब्लेट वाटले, किती प्रशिक्षणं झाली, किती लाभार्थी. जे विचारतो तेच मिळतं. संस्थेने बाणावर प्रामाणिकपणे 'इथे आम्हाला खात्री नाही' असं लिहिलं तर आपली कमिटी तो प्रस्ताव बाजूला ठेवते आणि चकचकीत निळ्या चौकोनांवाला उचलते. मग संस्थांनी खोटा आत्मविश्वास दाखवायला शिकू नये तर काय करावं? शिकवणी आपणच लावली आहे.

तेव्हा उपायही आपल्या बाजूने सुरू व्हायला हवा. मला मोठमोठे अभ्यास नकोत, चिठ्ठ्या टाकून गावं निवडायचीही प्रत्येकाला गरज नाही. समोर ती स्लाइड आली की चार प्रश्न विचारा. प्रत्येक बाणाला नाही जमलं तर निदान सगळ्यात कच्च्या बाणाला.

एक. या बाणावर माणूस कोण आहे? 'समुदाय' नको, 'लाभार्थी' नको. आशा ताई, चौथीचे गुरुजी, सासू, सरपंच, ज्याची विहीर वरच्या अंगाला आहे तो शेतकरी. बाणावर कुणीच नसेल तर तो बाण नाही, नुसती रेघ आहे.

दोन. तो माणूस आज जे करतो त्यापेक्षा वेगळं काय करणार, आणि का करावं त्याने? त्याची रोजंदारी बुडते का, कुणाशी वाकडं येतं का, घरात ऐकून घ्यावं लागतं का?

तीन. असा बाण याआधी कुठे टिकला आणि कुठे तुटला? जौनपूर, पेरू, नायगाव, गडचिरोली. दुसऱ्यांनी स्वतःचे पैसे आणि वर्षं घालून शिकलेलं फुकट उपलब्ध असताना तीच ठेच पुन्हा खायला गावाला का लावायचं?

चार. तुटला तर कधी कळेल, कशावरून कळेल, आणि कळल्यावर काय बदलणार? 'वर्षअखेरीच्या अहवालात' हे उत्तर चालणार नाही. बग प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर वर्षभराने कळवलेला तुम्हाला चालतो का?

या चार प्रश्नांना वेळ किती लागतो? एका मीटिंगच्या मानाने फार नाही. एखाद्या लॉगिन पेजच्या बटणाच्या रंगावर आपण याहून जास्त वेळ घालवतो, आणि त्याचे दोन प्रकार करून तपासतोही. ग्राहकाने बटण दाबलं की नाही याची आपल्याला सेकंदासेकंदाची खबर असते, आणि शाळेतल्या टॅब्लेटच्या पेटीचं कुलूप उघडलं की नाही हे विचारायला आपल्याला भीड वाटते. का? तर ते 'समाजकार्य' आहे म्हणून. मला यात आदर दिसत नाही. ग्राहकाचा पैसा गेला तर तो आपल्याला सोडून जाईल, ही भीती असते. चौथीतलं पोर कुठे जाणार? त्याला दुसरी शाळा नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या बाबतीत आपण जास्त काटेकोर असायला हवं, आणि आपण नेमके तिथेच ढिले आहोत.

मार्च जवळ आला की खर्च न झालेल्या रकमेसाठी प्रस्तावांचा पाऊस पडतो, हे तुम्हालाही माहीत आहे. यंदा सही करण्याआधी स्लाइडवरच्या एका बाणावर बोट ठेवा आणि विचारा, इथे माणूस कोण? उत्तर आलं तर सही करा. आलं नाही तर लगेच नाकारूही नका. 'आम्हाला माहीत नाही, पण सहा महिने गावात राहून शोधतो' असं म्हणणारं कुणी भेटलं, तर टॅब्लेटचे पैसे बाजूला ठेवून त्या सहा महिन्यांना पैसे द्या. ३१ मार्चला दाखवायला फोटो मिळणार नाही. कमिटीत दोन माणसं नाराज होतील. होऊ देत.